तन्मयचा डावा गुडघा

“गुडघ्याबद्दल कोणाकोणाला माहीत होतं?” चौकशी अधिकारी बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“त्याला आणि मला,” मीही तिसऱ्यांदा तेच सांगितलं. जरा तोऱ्यातच.

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत जीपी आहे, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. काही शनिवारी केजसाइड डॉक्टर म्हणून जाते. एमएमएच्या लढती जाळीच्या पिंजऱ्यात होतात, गुद्दे, लाथा, कुस्ती सगळं चालतं. लढतीआधी खेळाडू तपासायचा, फिट की अनफिट ते लिहायचं आणि नंतर टाके घालायचे, हे माझं काम. माझ्या हातातली सुई बघून सहा फुटी गडी डोळे मिटतात, तेव्हा मला उगाच बरं वाटतं.

अशा लढती भरवणाऱ्या कंपनीला प्रमोशन म्हणतात. आमचं प्रमोशन लहानसं होतं, मालक गॅरी. त्यात तन्मय लढायचा. सव्वीस वर्षांचा, इथेच जन्मलेला, आईवडील मूळचे नागपूरचे. त्या शनिवारी सगळे म्हणत होते, हाच जिंकणार. दुसऱ्या राउंडमध्ये डाव्या पायावर एक लाथ बसली आणि तो खालीच बसला. लाथ काही फार जोराची वाटली नाही. इथे बेटिंग कायदेशीर आहे. लढतीच्या तासभर आधी तन्मयच्या विरोधात अचानक एवढ्या बेट्स लागल्या की कंपन्यांनी त्या घेणंच थांबवलं. लोकांनी सरळ अर्थ काढला, पोरगा विकला गेला. सिद्ध झालं असतं तर त्याच्यावर आयुष्यभराची बंदी आली असती.

माझ्या फॉर्मवर लिहिलं होतं: जुनी दुखापत, सूज नाही, सांधा स्थिर, फिट. फॉर्म माझ्या बॅगेत बंद होता. म्हणजे बातमी फोडणारा तन्मयच उरत होता. मी ठामपणे उत्तरं देत होते आणि त्याच्या गळ्यातला फास आवळत होते, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“चेंजिंग रूममध्ये आणखी कोणी नव्हतं?”

“होते ना चार-पाच जण. पण आम्ही मराठीत बोललो.”

बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “तिथे ट्रायपॉडवर प्रमोशनच्या यूट्यूब चॅनेलचा एक फोन होता. तो लाइव्ह होता. हे काय बोलणं चाललंय, ते आम्हाला तुमच्याकडूनच हवंय.”

फोन मी पाहिला होता. रेकॉर्डिंग चालू असेल असं डोक्यात आलं नव्हतं. क्लिपमध्ये तन्मय इंग्रजीत सुरुवात करतो आणि मीच त्याला अडवते. “मराठीत बोल रे. इथे कोणाला कळतंय?”

“माझी डावी गुडघा दुखते, मावशी. टर्न केली की.”

“जपून. तिथे एक नेमकी बसली तर अवघड जाईल.”

खाली कॉमेंट्स पळत होत्या. ‘डावा गुडघा गेलाय. लावा समोरच्यावर.’ चांगली स्वच्छ मराठी. एवढे मराठी लोक तिथे आले कुठून? मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्या चॅनेलची लिंक कौतुकाने मीच टाकली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी लेखी भाषांतर मागितलं. संध्याकाळी गॅरीचा फोन आला. आवाज न चढवता तो म्हणाला, “गुड लक म्हटलं, एवढंच लिही. मेडिकल लाइव्ह गेलं हे बाहेर आलं तर टीव्हीवाले जातील. मी संपलो.”

“आणि तन्मय?”

“तो एकटा आहे. माझ्याकडे चाळीस फायटर आहेत.”

त्याचं गणित अगदीच चुकीचं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. शिवाय पेशंटची माहिती उघड्यावर बोलले होते ती मी. माझं रजिस्ट्रेशनही पणाला लागलं होतं. नवरा म्हणाला, हे हात दाखवून अवलक्षण आहे. होतंच. पण चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही माझ्या साक्षीने, हे मला झेपणारं नव्हतं. मी शब्दन् शब्द भाषांतर केलं, ‘इथे कोणाला कळतंय’सकट. एक प्रत डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेला स्वतःहून पाठवली.

तन्मय सुटला. टीव्हीवाले गेले, पुढचा शो रद्द झाला आणि गॅरीने कंपनी बंद केली. त्याच्या फायटरांपैकी काही जण दिसले तर अजून मान वळवतात. मला लेखी वॉर्निंग मिळाली, ती मिळायलाच हवी होती. वीस वर्षं पेशंटशी बोलण्याआधी मी दार लावत आले. त्या दिवशी मराठीलाच दार समजले.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका प्रमोशनच्या शोला तन्मय समोर आला. याही खोलीत ट्रायपॉड होता. त्याने त्यावरचा फोन काढला, बंद केला आणि माझ्या हातात ठेवला.

“आता बोला, मावशी. माझी गुडघा एकदम बरी आहे.”

मी उठून दार लावलं आणि मग त्याचा गुडघा तपासला.