यंदा विसर्जन नाही

त्या मे महिन्यात आम्ही दोघं हिमाचलात गेलो ते बर्फ बघायला नव्हे, तर डॉक्टर, तपासण्या आणि नातेवाइकांचे सल्ले यांच्यापासून थोडे दिवस सुटका मिळावी म्हणून. तीन वर्षांपूर्वी माझं एक मूल पोटातच गेलं होतं, आणि त्यानंतर काही केल्या जमत नव्हतं. नवरा म्हणाला, "आता पुरे झालं. नाही तर नाही. आपण डोंगर बघू." मी लगेच हो म्हटलं, कारण माझाही दम संपला होता. तिथे आम्ही घाटातल्या वळणांवर ओकाऱ्या काढल्या, सफरचंदाच्या बागांमध्ये फोटो काढले आणि एका ढाब्यावर राजम्यावरून कडाक्याचं भांडलो. खूप दिवसांनी आम्ही आजारपण सोडून दुसऱ्या कशावरून तरी भांडत होतो, त्यामुळे दोघांनाही बरं वाटलं. परत आल्यावर जूनच्या मध्याला मला पुन्हा मळमळू लागलं. नवरा म्हणाला, तुझा घाट अजून उतरला नाही वाटतं. घाटाचा काही संबंध नव्हता, हे पुढच्या आठवड्यात कळलं.

आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहत होतो. एक खोली, पुढे गॅलरी, आणि खोलीत आम्ही दोघं नि सासूबाई. सासरे गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई मालवणकडच्या, लग्न होऊन या खोलीत आल्या त्या इथल्याच झाल्या, पण बोली तिथलीच राहिली. मी गिरगावची. माझे वडील कारकून, आणि आमच्या घरी पंचांग उघडलं जायचं ते सुट्ट्या बघायला. एक नियम मात्र आईने मला घालून दिला होता. तीन महिने पुरे होईपर्यंत बातमी कुणालाही सांगायची नाही, सासूलासुद्धा नाही. मागच्या वेळी आम्ही तो पाळला होता. या वेळीही पाळला. श्रावणात एकदाचं सांगितलं. सासूबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने टोपी घातली, पाट पुसला, चाळीतले चार जण झांजा घेऊन दाराशी आले. आणि सासूबाई मूर्तीपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"यंदा विसर्जन नाय. घरात सून पोटुशी आसा. ती बाळंतीण होयपर्यंत बाप्पा खंय जावचो नाय."

झांजवाल्यांनी माना डोलावल्या, जणू हे त्यांना ठाऊकच होतं. मला नव्हतं. मी मनात हिशेब केला आणि माझं डोकं फिरलं. "आई, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत?" माझा राग मुळात नाकावर, त्यात सहा महिने बायका मला बघून 'ही ती, जिच्यासाठी गणपती थांबलाय' म्हणणार, या कल्पनेनेच अंगावर काटा आला. मी मोबाइलवर शोधून दाखवलं, की याला शास्त्रात काहीही आधार नाही, जाणकारांनीच तसं लिहिलंय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शास्त्र तुझा तू वाच," त्या म्हणाल्या. "गणपती माझो आसा."

नवरा या सगळ्यात टोपी हातात घेऊन उभा होता. आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची त्याला सवय होती.

तर बाप्पा राहिला. आणि बाप्पा घरात म्हणजे घरात मासे नाहीत. सुरमई स्वस्त झाली की ज्यांचा चेहरा उजळतो अशा बाईने सहा महिने मासळीला हात लावायचा नाही म्हणजे काय, हे मालवणी घर पाहिल्याशिवाय कळणार नाही. मला नेमके तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे डोहाळे लागले. तर सासूबाईंनी शेजारणीला तिसऱ्या आणून दिल्या, मसाला आपल्या हाताने वाटून दिला आणि मला तिकडे जेवायला पाठवलं. मी परत आले, की दारातच विचारायच्या, "खोबरा बरोबर भाजलेला हुता?" आणि स्वतः डाळभात जेवायच्या. मला तेव्हा हा नुसता हट्ट वाटायचा. मीही हट्टाने दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

दिवाळीनंतर चाळ रिकामी करायची होती. जुनी इमारत पाडून नवी होणार, तोवर आम्ही दादरला समुद्राच्या बाजूला भाड्याने जागा घेतली. सामान टेम्पोतून गेलं, देव टॅक्सीतून. नवऱ्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला बाप्पा, शेजारी सासूबाई, पुढे मी. मूर्ती शाडूची. इतक्या दिवसांत माती सुकून कोरडी ठक्क झालेली. प्रत्येक खड्ड्याला सासूबाई ड्रायव्हरला म्हणत, "सावकाश रे बाबा." तो म्हणाला, "माँजी, मालूम है, भाभी पेट से है." त्या म्हणाल्या, "वो भी है, ये भी है." परळच्या पुलावर आम्ही इतके हळू चाललो होतो, की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून नुसता जीव खाल्ला.

टॅक्सीत काही झालं नाही. झालं ते लिफ्टमध्ये. आयुष्यभर जिना चढलेला माझा नवरा. सासूबाई खाली सामानापाशी थांबल्या होत्या. त्याला काय वाटलं कोण जाणे, मला आत यायला वेळ मिळावा म्हणून त्याने दार कोपराने अडवायला हात पुढे केला, आणि दार आलं ते बाप्पावर. टॉवेलाच्या आत बारीकसा आवाज झाला. वर जाऊन उघडून बघतो तर आशीर्वादाचा हात मनगटापासून तुटलेला.

मी, शास्त्रात आधार नाही म्हणणारी, दोन्ही हात पोटावर ठेवून रिकाम्या घरात खाली बसले. मागच्या वेळचं सगळं आठवलं. नवरा पांढराफटक पडला होता. "आईला कळलं तर ती खचेल," तो म्हणाला. सामान अजून खालीच होतं, वर ना गोंद ना कणीक. माझ्या पर्समध्ये टूथपेस्ट होती. आम्ही तो हात टूथपेस्टने चिकटवला, बराच वेळ आळीपाळीने धरून ठेवला आणि मनगटावर दूर्वांची जुडी अशी बांधली, की भेग दिसू नये.

संध्याकाळी नव्या घरातली पहिली आरती. सासूबाईंनी निरांजन ओवाळलं, उदबत्ती लावली, गंध लावायला पुढे वाकल्या आणि थांबल्या. दोनदा हुंगलं.

"पुदिन्याचो वास खंयसून येता?"

त्यांनी दूर्वा बाजूला केल्या. बोटाने हळूच हात लावला, तर तो त्यांच्या तळहातावर उतरला. मी डोळे मिटून घेतले.

नवरा पुटपुटला, "आई, माझी चूक झाली. खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत ना? मग आता विसर्जन करावं लागेल?"

"नाय," त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की मी दचकले. मग त्या पाटावर बसल्या, तो मातीचा हात ओच्यात घेऊन. "माती ती. मोडतली. माका मोडल्याचा भय नाय. माका भय आसा ता धाडल्याचा."

आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या वर्षी तू काय बोलाक नाय गो. माका ठावक नाय हुता. मिया दीड दिवसान तेका धाडलंय, आणि आठ दिवसांनी तुझा..."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मागचं मूल गेलं ते गणपतीनंतर आठवड्याभराने. बातमी आम्ही तीन महिन्यांच्या नियमापायी लपवली होती, त्यामुळे त्यांनी नेहमीसारखं विसर्जन केलं होतं. त्या दिवसांत त्या माझ्याशी फार बोलत नसत, आणि मी तीन वर्षं समजत होते, की त्या मनातल्या मनात मला दोष देतायत. ऑफिस, धावपळ, तिखट खाणं, काहीतरी माझंच चुकलं असं त्यांना वाटतंय. त्या तर स्वतःला दोष देत बसल्या होत्या.

"आई, तसं काही नसतं हो," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं.

"नसात," त्या म्हणाल्या. "पण मी ता घेवन बसलंय."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. आम्ही दोघी रडलो, नवरा निरांजन विझू नये म्हणून त्यात तूप घालत राहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, "ता टूथपेस्ट आसा काय अजून?" आणि तो हात त्यांनी स्वतः पुन्हा चिकटवला.

त्यानंतर मी शास्त्राचं नाव काढलं नाही. माझा त्यावर विश्वास बसला असं नाही. पण सकाळी दूर्वा मीच निवडायला लागले. पुढे डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तेव्हा दुपारभर घरात मी आणि बाप्पा. मी त्याला काय काय सांगायचे. पाय सुजलेत, आज लाथा कमी मारल्या, पलीकडच्या इमारतीतली बाई फार मोठ्याने फोनवर बोलते. त्याचा हात मधूनमधून पडायचा आणि मी तो परत बसवायचे.

फेब्रुवारीत परळच्या इस्पितळात मुलगी झाली. सासूबाई दिवा लावूनच आल्या. बाळाकडे बघून म्हणाल्या, "नाक तुझा, आवाज माझो." सोयर होतं म्हणून दहा दिवस आम्हाला पूजा करता येईना. नव्या जागेत कुणाला ओळखत नव्हतो. तेव्हा समोरच्या घरातले एक गुजराती आजोबा, ज्यांच्याशी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे संबंध नव्हता, रोज सकाळी आंघोळ करून यायचे, आपल्याला येईल ती पूजा करायचे, घरून आणलेला शिरा ठेवायचे आणि जाताना म्हणायचे, "बेटी को सोने दो, मैं दरवाजा खींच लेता हूँ." त्यांच्या त्या शिऱ्याची चव माझ्या तोंडात अजून आहे.

सव्वा महिना झाला आणि चैत्रातल्या एका साध्याच सकाळी आम्ही दादर चौपाटीवर गेलो. ना ढोल, ना गर्दी. चालायला आलेली माणसं वळून बघत होती. एक जीवरक्षक पुढे आला.

"काकी, गणपती कधीच गेले ना?"

"आमचो आज चल्लो," सासूबाई म्हणाल्या. त्याने बाळाकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, हात जोडले आणि पाणी कुठे बरं आहे ते दाखवलं.

मला बाप्पाला सोडवत नव्हतं. ज्याच्या राहण्यावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं, त्याच्या मनगटावरची दूर्वांची जुडी मी पुन्हा पुन्हा नीट करत होते. नवरा गुडघाभर पाण्यात मूर्ती घेऊन उभा राहिला. सासूबाईंनी गाऱ्हाणं घातलं. त्यांच्या गावी देवापुढे असं घालतात. एक जण देवाला सांगतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. इतक्या वर्षांत मी त्यात कधी तोंड उघडलं नव्हतं. मला हसू यायचं.

"बा देवा म्हाराजा, तुका इतके दिवस अडवन ठेवलंव. चुकला-माकला आसात ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा," नवरा म्हणाला.

"ह्या लेकराक सुखी ठेव. तेच्या आवशीक सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा."

सासूबाई जरा थांबल्या. मग लाटेच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल अशा म्हणाल्या, "आणि जा पोर आमच्यापर्यंत पोचला नाय, ता तुझ्याकडे आसा. तेकाव सांभाळ रे म्हाराजा."

नवऱ्याला आवाज फुटेना. मी मुलीला छातीशी घट्ट धरलं आणि सगळ्या चौपाटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा."