लेइतू बाईंनी उघडलेलं पान

लेइतू बाईंचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. मधे प्लायवूडची भिंत. त्यामुळे मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यांचं इंग्रजी ऐकलं. सवाईई बेटावरच्या आमच्या हायस्कुलात मुलं पुस्तक हातात घ्यायची ती परीक्षेपुरती. बाईंनी देणगीत आलेल्या, बुरशी धरलेल्या पुस्तकांचं कपाट उघडलं, एकेक पुस्तक उन्हात वाळवलं आणि वर्गात ठेवलं. तासाची पहिली वीस मिनिटं त्यांची स्वतःची: दहा वाचायची, दहा लिहायची. हवं ते वाचा, हवं ते लिहा. लिहायच्या वह्या वर्गातल्याच एका पेटीत राहत. जे पान दुमडाल ते मी वाचणार नाही, असा त्यांनी शब्द दिला होता. मुलं लिहीत तेव्हा त्याही लिहीत. वर्षभरात मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना गोष्टी वाचून दाखवू लागली. मला आधी हसू आलं होतं; नंतर नाही आलं.

त्या वर्षी बाईंच्या वर्गातल्या फुआतिनोचा थोरला भाऊ मासेमारीला गेला तो परतला नाही. होडी तुआलाची. तुआला त्यांच्या कुळाचा प्रमुख, नात्यानं तिचा काका, शिवाय शाळेच्या समितीवर. फुआतिनो रोज लिही आणि रोज पान दुमडी. शेजारच्या मुलीला एकदा ‘इंजिन’ एवढा शब्द दिसला. आठवड्यात तो गावभर झाला.

गुरुवारी तुआला भर तासाला वर्गात आला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

“बाई, ती वही द्या.”

“वही तिची आहे.”

“पोरगी माझ्या घरची आहे. माझ्या होडीबद्दल काय लिहिलंय ते मला कळायला हवं.”

“तुम्ही वडीलधारे आहात, तुआला. पण मी शब्द दिलाय.”

“सोमवारी येतो,” एवढंच म्हणून तो गेला. दुपारी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं आणि वही किंवा राजीनामा, दोन्हींपैकी एक टेबलावर पाहिजे असं सांगितलं. बाईंचे यजमान आजारी, घर त्यांच्याच पगारावर. शुक्रवारी त्या वह्यांची पेटी घरी घेऊन गेल्या. शाळेत ती सुरक्षित नाही, असं त्यांना वाटलं.

रविवारी चर्चनंतर त्या आमच्याकडे आल्या. जेवायला बसल्या, पण ताटातल्या अळूच्या कंदाला हातसुद्धा लावला नाही.

“मास्तर, मी उघडलं ते पान.”

मी माझं ताट बाजूला सारलं.

“भीती वाटली. खरंच त्यात काही असेल तर पोरीचं काय होईल, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे मी माझ्या नोकरीला घाबरले.”

त्यात तुआलाविरुद्ध एक ओळही नव्हती. आजारी आईला कुपा मासा खावासा वाटत होता. भाऊ म्हणाला, इंजिन नीट चालत नाही, उद्या जातो. फुआतिनोनं त्याला भित्रा म्हणून चिडवलं, आणि तो गेला. हेच तिनं पानामागून पान लिहिलं होतं.

“मग तुआलाला एवढंच सांगा, की तुझं नाव नाही त्यात,” मी म्हणालो. “प्रकरण मिटेल.”

“मग आहे काय, असं तो विचारणारच. आणि तिनं स्वतःवर घेतलेला दोष मी गावात वाटू?”

सोमवारी घंटेआधी बाईंनी फुआतिनोला वर्गाबाहेर घेतलं, वही तिच्या हातात दिली आणि आपण पान वाचल्याचं सांगितलं. मी व्हरांड्यात उभा होतो. पोरीचा चेहरा पांढरा पडला. “तुम्ही म्हणाला होतात,” ती पुटपुटली. बाईंनी मान खाली घातली. सारवासारव केली नाही.

तेवढ्यात तुआला फाटकातून आत आला, मागे मुख्याध्यापक. बाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि वही मिळणार नाही म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी राजीनाम्याचा कागद पुढे केला. बाईंनी पेन काढलं.

फुआतिनो त्यांच्या बाजूनं पुढे झाली. बाईंकडे तिनं पाहिलंही नाही. वही उघडली आणि काकासमोर उभी राहून वाचू लागली, थांबत, अडखळत. ‘भित्रा’ या शब्दापाशी आवाज गेला. पुन्हा सुरुवात केली आणि पान संपवलं.

तुआला पायरीवर मटकन बसला.

“इंजिनाचं त्यानं मला दोनदा सांगितलं होतं,” तो म्हणाला. “चालतंय तोवर चालव, असं मी म्हणालो. तुझ्यामुळे नाही गेला तो, पोरी.”

मुख्याध्यापकांनी कागदाची घडी करून खिशात घातली. फुआतिनो वही छातीशी धरून तिथेच रडली. तुआलानं तिला घरी नेलं. पुढच्या रविवारी तो तिच्या आईसमोर चटईवर बसून तेच सगळं पुन्हा बोलला, असं ऐकलं.

बाईंनी त्याच दिवशी पेटी बंद केली. वह्या ज्याच्या त्याच्या दप्तरात राहू लागल्या. तीन आठवडे फुआतिनो त्या दहा मिनिटांत नुसती खिडकीबाहेर बघत बसे. बाई तिला टोकत नसत. चौथ्या आठवड्यात तिनं कपाटातलं एक पुस्तक उचललं, महिन्यानं पेन. बाईंना मात्र तिनं वर्ष संपेपर्यंत लिहिलेलं काही दाखवलं नाही.

मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का?

“वाटतं,” बाई म्हणाल्या. “पण लिहितेय ना.”