सोमवारी उघडणारी पेटी

२००६च्या जानेवारीत, मिशिगनमधल्या एका काउंटीच्या तुरुंगात, अटकेनंतर तिसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, एक मधुमेही कैदी इन्सुलिनवाचून बेशुद्ध पडला. त्याबद्दलची पत्रकं मी ॲन आर्बरच्या बसमध्ये वाटत होतो.

शेजारच्या सीटवरच्या मराठी काकूंनी हातमोजे काढले, पत्रक मांडीवर सरळ केलं आणि त्यातल्या ‘निर्दय नर्स’ या शब्दांवर बोट ठेवलं.

"ही मीच." मी उठायला लागलो. "बस, बस, खात नाही तुला."

कैद्यानं औषधासाठी चिठ्ठी पेटीत टाकायची, हा तिथला नियम. त्यानं ती शुक्रवारीच टाकली होती. पेटी शनिवारी-रविवारी बंद, उघडते सोमवारी.

"मी चिठ्ठी वाचली, तेव्हा तो हॉस्पिटलात होता रे. आता मी रोज कोठडीकोठडीत जाऊन विचारते. नियम मोडते म्हणून वॉर्निंग मिळालीय. पुन्हा केलं तर नोकरी जाणार."

"मग उद्या?"

"उद्याही विचारणार."

पत्रकाची नीट घडी पर्समध्ये ठेवून त्या उतरल्या. उरलेला गठ्ठा माझ्या हातातच राहिला. चिडायचं कुणावर? मला अजून कळलेलं नाही. तुम्ही मात्र उद्या तुमच्या काउंटीचा तुरुंग चालवणाऱ्या शेरीफला फोन करा आणि विचारा: शनिवारी-रविवारी ती पेटी कोण उघडतं?