बूंनी पाठवलेला निरोप

चौतीस वर्षं शाळेत शिकवून झाल्यावर कुस्मिराबाईंना खरं तर घरी बसायचं होतं. नवरा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. पण बाईंना गावातल्या सगळ्यांसारखं मानाने 'बू' म्हणणाऱ्या सरपंचांनी गळच घातली. "मोबाइलवरचं खरं काय, खोटं काय, ते आमच्या म्हाताऱ्यांना तुम्हीच शिकवा, बू. दुसऱ्या कुणाला ते जुमानत नाहीत."

मग जावा बेटावरच्या सुंबिंग या ज्वालामुखी डोंगराच्या उतारावर तंबाखू लावण्यात जन्म गेलेली चौदा माणसं दर गुरुवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या दालनात येऊ लागली. बाई फळ्यावर लिहायच्या : हे कुणी सांगितलं? कधीचं आहे? आणखी कुणी सांगतंय का? माणसं माना डोलवायची, आणि पुढच्या गुरुवारी कुणीतरी लसणाचं पाणी पिऊन मधुमेहाच्या गोळ्या बंद केलेल्या असायच्या. बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. तीन वर्षं हेच चाललं होतं.

एका मंगळवारी दुपारी नवऱ्याचं अंग पुसून त्या जरा टेकल्या. रात्रभर जागरण झालं होतं. तेवढ्यात भावाचा निरोप आला : डोंगरातून विषारी वायू सुटलाय, संध्याकाळच्या आत गाव सोडा. सोबत धुरात बुडालेल्या वस्तीचा फोटो. भाऊ जिल्ह्याच्या कचेरीत कामाला. बाईंनी निरोप वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि नवऱ्याचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

अर्ध्या तासाने वर्गातल्या वागियेम आजींचा फोन आला.

"बू, त्या फोटोत नारळाची झाडं आहेत हो. आपल्या इथल्या गारठ्यात नारळ कुठला आलाय?"

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. नारळ होते. त्यांनी डोंगरावर नजर ठेवणाऱ्या चौकीत फोन लावला. "काही झालेलं नाही," पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला. असे किती फोन त्याने घेतले होते कोण जाणे. बाईंनी ग्रुपवर माफी मागितली. पण तोवर वर्गातले जुवारी बायकोला मोटारसायकलवर बसवून निघालेही होते. उतारावरच्या वळणाला गाडी घसरली. बायकोला खरचटलं, त्यांचं मनगट मोडलं.

संध्याकाळी बाई त्यांच्या घरी गेल्या. जुवारी हात गळ्यात बांधून ओट्यावर बसले होते.

"चूक माझी आहे, जुवारीदादा."

"अहो बू, दुसऱ्या कुणाचा असता तर विचारलं असतं मी. सगळं पाठ आहे मला. पण तुमचं नाव दिसलं. तुमचं काय तपासायचं?"

"कोंबड्या सोडून पळाले हे!" आतून बायको ओरडली. "मला चपला घालू दिल्या नाहीत!"

बाईंना हसू आलं नाही.

गुरुवारी सहाच जण आले. बाईंनी आपलाच निरोप फळ्यावर जसाच्या तसा उतरवला आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. "आज हा तपासायचा."

वागियेम आजी म्हणाल्या, "भाऊ कचेरीत काय करतो, बू?"

"साहेबांची गाडी चालवतो."

"मग त्याला डोंगरातलं कसं कळलं?"

"तेच मी त्याला विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आठ जण आले. प्लास्टरचा हात सांभाळत जुवारीही मागे येऊन बसले. बाईंच्या पायांत गोळे आले होते. त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खुर्ची मागून घेतली, आणि बसूनच शिकवायला सुरुवात केली.