महादूकाकांची कमान आणि माझा नारळ

माझ्या आयुष्यात जे काही चांगलं झालं ते महादूकाकांमुळे, आणि महादूकाकांच्या वर्कशॉपमध्ये जे काही वाईट झालं ते माझ्यामुळे. या दोन्ही बाबतींत आमच्या घरात कुणाचंही दुमत नाही.

महादूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. स्वतः गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, पुढे वेल्डिंग शिकले आणि पेणजवळच्या गडब गावात हायवेलगत गेट-ग्रिलचं वर्कशॉप काढलं. मी बारावी झालो तेव्हा घरात सगळे म्हणाले, पोराला कंपनीत चिकटवा. काका म्हणाले, "नाय! हा इंजिनेर व्हनार." आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. निकालाच्या दिवशी पेणहून येताना काकांनी अख्ख्या एसटीला पेढे वाटले. कंडक्टरने तिकीट विचारलं, तर त्याला माझे मार्क सांगितले!

यंदा काकांनी ठरवलं, की आपल्या त्या शाळेला कमान द्यायची. वर स्टीलचा आठ फुटी पत्रा आणि त्यात आरपार कापलेली अक्षरं : 'प्राथमिक शाळा'. पत्रा त्यांनी खास पनवेलहून आणवला. असा दुसरा मागवायचा तर पंधरा दिवस. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी कमान उभी राहणार, असं त्यांनी भर ग्रामसभेत सांगून टाकलं. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेण्यासाठी रोह्याला लेकीकडे, सुनीताताईकडे गेले. जाताना म्हणाले, "विन्या, गावाला सबूद दिलाय. वर्कशॉप तुझ्या हाती. खंडेनवमीची पूजापन तूच कर."

मी पूजा केली. हाच तो गुन्हा.

आमच्याकडे पत्रा कापायचं एक प्लाझ्मा टेबल आहे. त्यावरची टॉर्च, म्हणजे ज्वाला सोडणारी नळी, कम्प्युटरच्या हुकमाने फिरते आणि लोखंड लोण्यासारखं कापते. तिला कुठे फिरायचं ते सांगणारा एक निळा डबा आहे. तो कंट्रोलर. काका दरवर्षी नारळ टेबलाच्या लोखंडी पायावर फोडतात. मी म्हटलं, आपण शिकलेले. मशीनचा पाय पुजायचा की मेंदू? डब्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि त्याच्याच डोक्यावर नारळ फोडला. (डब्याच्या डोक्यावर हवा जायला भोकं होती. ती मी पाहिली होती. मला वाटलं, शोभेची आहेत.)

नारळ पाणीदार निघाला. डब्यातून आधी 'चर्र' असा आवाज आला, मग धूर.

"देव पावला गो!" काकी माझ्या आईला म्हणाली आणि दोघींनी हात जोडले.

आमचे जुने वेल्डर पांडूदादा हवा हुंगत म्हणाले, "वैनी, ह्यो धूपाचा वास नाय."

मी कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडचा गृहस्थ फार नम्र होता. म्हणाला, "सर, ते मॉडेल आम्ही बंद केलंय."

"मग दुसरा कंट्रोलर बसेल?"

"आमच्या टेबलाला आमचाच लागतो, सर."

"मग तुमचा द्या!"

"तो बंद केलाय, सर."

अशा तीन फेऱ्या झाल्यावर त्याने उपाय सुचवला : नवीन टेबल घ्या.

माझ्यातला इंजिनिअर पेटला. कुठल्याही मशीनला चालेल असा साधा, खुला कंट्रोलर मी मागवला. तो चार दिवसांनी आला. जुन्या डब्यातल्या पन्नास-साठ वायरी सोडवायच्या होत्या. प्रत्येकीला मी कागदाची चिठ्ठी बांधली, नंबर घातला आणि समाधानाने जेवायला गेलो. जेवून आलो तर सगळं लखलखीत!

"कवडा कचरा बांदून ठेवलेला रं!" काकी म्हणाली. "समदा काढून टाकला."

पुढचे दोन दिवस मी वायरी आठवणीने जोडल्या. तिसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं, पण टॉर्चला उजवीकडे जा म्हटलं की ती डावीकडे जायची. मी पुष्कळ विचार केला. शेवटी कम्प्युटरचं टेबल उचलून मशीनच्या पलीकडे नेलं आणि तिथून हुकूम दिला. टॉर्च बरोबर उजवीकडे गेली! 'दोष दूर झाला' असं मी वहीत लिहिलं.

पांडूदादा बिडी विझवत म्हणाले, "इंजिनेरसाहेब, मशीन सुदारली का तुमी सरकलात?"

अडाणी माणसाशी वाद घालू नये म्हणून मी चाचणी घेतली. भंगार पत्र्यावर एक चौकोन कापला. चारही बाजू मापात! एक गोल कापला. पौर्णिमेचा चंद्र! काकीने तो गोल उचलून विचारलं, "तवा व्हईल का रं ह्याचा?" मी अभिमानाने म्हटलं, "काकी, आता ह्या मशीनवर काहीही होईल."

ते खरंच होतं.

शुक्रवारी सकाळी काकांचा पत्रा टेबलावर चढवला, नमस्कार केला (लांबून) आणि बटण दाबलं. ठिणग्यांचा पाऊस पडला. अर्ध्या तासाने धूर निवळला. अक्षरं अशी सुरेख, अशी रेखीव कापली गेली होती, की माझे डोळे भरून आले. मग मी ती वाचायला गेलो.

नाव उजवीकडून सुरू होत होतं. काने, वेलांट्या सगळं पाठमोरं! आरशात दिसावं तसं. चौकोन उलटा कापला तरी चौकोनच राहतो आणि गोल तर कसाही कापा, हे मला चौथीत शिकवलं असणार. त्या दिवशी मी बहुतेक गैरहजर होतो.

"काय झालं?" पांडूदादांनी विचारलं.

"दादा, उलटं कापलं गेलं."

दादांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग मान एवढी वाकडी केली, की मला त्यांचीच काळजी वाटायला लागली. "नाय," ते म्हणाले, "कसापन बगितला तरी उलटाच हाय."

मी खालीच बसलो. रविवारी डोळ्यांना काळा चष्मा लावून काका येणार. डोळे नवे झाल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसणार काय, तर रिकामी कमान! पत्रा नाही, वेळ नाही, आणि गावाला शब्द दिलेला. मी राजीनामा द्यायचं ठरवलं. मग लक्षात आलं, की पुतण्याच्या पदाचा राजीनामा देता येत नाही.

तेवढ्यात काकी चहा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. यांत्रिक भाषेत सांगितलं, मराठीत सांगितलं, शेवटी रडवेल्या आवाजात सांगितलं.

काकीने कप खाली ठेवला. "आरपार हाय ना रं कापलेला?"

"हो."

"मंग परत ना त्याला! भाकरी एका अंगाला भाजली तर तू काय तव्याला शिव्या देतंस?"

मग पांडूदादांनी एक टोक धरलं, मी दुसरं धरलं आणि आम्ही पत्रा पालथा घातला.

'प्राथमिक शाळा.' स्वच्छ, सरळ, मराठीत.

"चार वर्सा शिकलास ना रं पेनला?" काकी एवढंच म्हणाली आणि रिकामे कप घेऊन गेली.

खालची खरबरीत बाजू आता वर आली होती. ती घासण्यात दिवस गेला. (घासली मी. मशीनला हात लावायला मला बंदी होती.) शनिवारी सकाळी पत्रा कमानीवर चढला. सुनीताताईने काकांचा फोन काढून घेतला होता. फोनवर ओरडून डोळ्यांना ताण पडतो म्हणे. म्हणून दुपारी काकांना आणायला रोह्याला निघालेल्या पांडूदादांच्या हाती मी ही चिठ्ठी दिली, ताईने वाचून दाखवावी म्हणून :

'तीर्थरूप महादूकाकांस, साष्टांग नमस्कार.

तुमचा शब्द राखला आहे. कमान उभी आहे आणि नाव रस्त्यावरून स्वच्छ वाचता येतं. मधल्या काळात काय झालं ते काकी सांगेलच. तिला थांबवणं मला जमलेलं नाही. तुम्ही मला शिकवलंत त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. काय शिकवलंत ते मात्र अधूनमधून विसरतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच कळवतो. आज मुख्याध्यापक म्हणाले, की शाळेच्या आतून पाहिलं तर नाव उलटं दिसतं. मी ताबडतोब चूक कबूल केली, हात जोडून माफी मागितली आणि पत्रा फिरवायला पाना घेऊन शिडीवर चढलो. दोन बोल्ट काढून झाल्यावर पांडूदादांनी खालून विचारलं, "आन मंग भायरून कसा दिसंल?"

मी उतरलो. ते दोन बोल्ट गटारात पडले आहेत, शोध चालू आहे. उरलेले सहा पक्के आहेत. तरी उद्या कमानीखालून जाताना कृपा करून थोडं डावीकडून चालावं. (डावी बाजू कुठली, ते पांडूदादांना विचारावं.)

तुमचा आज्ञाधारक पुतण्या,
विनायक, बी. ई.'