दोन नंबरच्या खाटेपाशी उजळणी

अतिदक्षता विभागाच्या तज्ज्ञ परीक्षेत मी पहिल्यांदा लेखी पेपरात नापास झाले, ते काही येत नव्हतं म्हणून नाही. फार येत होतं म्हणून. पहिल्या प्रश्नावर पानंच्या पानं भरली आणि शेवटचे दोन कोरे सोडून आले. अति तिथे माती. दुसऱ्या खेपेला महिनाच उरला, तेव्हा हिंगोलीतल्या आमच्या दवाखान्यात दुपारी काम निवळलं की मी लिहायच्या आधी एकेक उत्तर तोंडी म्हणून बघायचे. एका उत्तराला दहा मिनिटं. मोबाइलवर घंटी लावायच्या मोठ्या सिस्टर.

त्या दिवसांत दोन नंबरच्या खाटेवर साखरा गावाकडच्या एक शेतकरीण होत्या. जमिनीवर निजलेल्या असताना त्यांना मण्यार चावली होती. औषध देऊन झालं होतं, श्वास मशीन देत होतं. अशा माणसाची पापणी उघडत नाही, बोट हलत नाही, पण ऐकू सगळं येतं. म्हणून आमच्याकडे रिवाजच आहे, मण्यारीच्या पेशंटजवळ गप्प राहायचं नाही.

"मंग उत्तरं तितंच म्हना की," सिस्टर म्हणाल्या. "त्यायला बी सोबत व्हईल."

मला हे भारीच आवडलं. विषाचाच प्रश्न घेतला आणि मराठीत सांगायला लागले: नसा झोपतात, मेंदू जागा असतो, बाहेरून मेल्यासारखं दिसलं तरी घाई करायची नाही. बाईंना सांगता सांगता मलाच सगळं नव्यानं उलगडत होतं. इतकी रंगले की घंटी वाजून गेली तरी थांबले नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. सिस्टरांनी डोळे वटारले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

पाचव्या दिवशी पापणी हलली. मी अक्षरशः धावत गेले. पुढे श्वासाची नळी काढली, तेव्हा पहिला शब्द ऐकायला आम्ही दोघी वाकून उभ्या होतो.

"मेंदू जागा असतो म्हनल्या, तवा माजा जीव भांड्यात पडला," बाई खरखरत्या आवाजात म्हणाल्या. मग दम घेऊन, "पर मॅडम, घंटी झाल्यावर थांबत जा. तुमी बोलूनच राहिल्या व्हत्या."

सिस्टर हसत स्टुलावर बसल्या. मी कान धरले.

परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला हात सैल सुटला. घड्याळ पाहिलं, दहा मिनिटं झाली होती. वाक्य अर्धं होतं, फार सुंदर होतं. तसंच सोडलं आणि पान उलटलं.