लेकीच्या शपथेत माझा फ्लॅश

आज सोलापुरात माझ्या लेकीचं चर्चमध्ये लग्न झालं. पाळकसाहेबांनी आधीच बजावलं होतं, "शपथेच्या वेळी कुणी फ्लॅश मारायचा नाही."

आमच्या लग्नातही हाच नियम होता, म्हणून शपथ घेतानाचा आमचा फोटोच नाही. हे गेल्यापासून तो क्षण आठवते, पण ह्यांचा चेहरा नीट दिसत नाही. लेकीचं तसं होऊ नये म्हणून मी मोबाईल घेऊन पहिल्या बाकावर बसले. फ्लॅश बंद केलाय असंच मला वाटलं.

लेक म्हणाली, "मरणाने आपला वियोग होईपर्यंत..." आणि लख्ख उजेड पडला.

नणंद कुजबुजली, "वैनी, तुमीच व्हय? मघाशी सगळ्यांना दटावत होता की!"

पाळकसाहेब थांबले. "ताई, मोबाईल ठेवा. बेटा, शपथ पुन्हा पहिल्यापासून म्हण."

मरणाचं ते वाक्य लेकीने दुसऱ्यांदा माझ्याकडे बघत म्हटलं.

फोटोत तिचे डोळे मिटलेत, चेहरा पांढराफटक. हे गेले त्या दिवशी ह्यांचा चेहरा असाच होता.

सासरी निघताना तिने विचारलं, "आई, फोटो आला का गं?"

मी नाही म्हटलं. तुम्ही दाखवला असता का?